जमिनीखालचं एकत्र कुटुंब : नेकेड मोल रॅटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नक्की कोण? उंदीर, घूस की चिचुंद्री?

यातला कुणीच नाही. इंग्रजी नावात तीन शब्द आहेत आणि तिन्ही फसवे आहेत. मोल हा कीटकखाऊ प्राणी, आपल्या चिचुंद्रीच्या नात्यातला. त्याचा याच्याशी संबंध नाही. कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या मोठ्या गोतावळ्यात हा बसतो खरा, पण उंदरापेक्षा गिनीपिगला आणि आपल्या साळिंदराला जास्त जवळचा आहे. एकाने केसांचे काटे करून अंगभर मिरवले, दुसऱ्याने केसच टाकून दिले. तेही सगळे नाहीत. अंगावर तुरळक लांब केस उरलेत, आणि अंधारात भिंत कुठे आहे ते त्यांच्या स्पर्शाने कळतं. म्हणजे 'नेकेड'सुद्धा पूर्ण खरं नाही.

लांबी 8 ते 10 सेंटीमीटर, वजन 30-35 ग्रॅम, म्हणजे साधारण एका लिंबाएवढं. कातडी गुलाबी, सैल आणि सुरकुतलेली, तासभर पाण्यात राहिलेल्या बोटासारखी. डोळे मोहरीएवढे आणि जवळजवळ निकामी. शास्त्रीय नाव हेटेरोसेफॅलस ग्लेबर. त्याचा अर्थ 'वेगळ्याच डोक्याचा, गुळगुळीत'. जर्मन निसर्गसंशोधक एडुआर्ड र्‍यूपेल यांनी 1842 मध्ये इथिओपियातल्या नमुन्यावरून त्याची नोंद केली. पुढे मी त्याला नुसतं मोलरॅट म्हणतो.

राहतात कुठे? आपल्याकडे आहेत का?

भारतात नाहीत. त्यांचं घर म्हणजे आफ्रिकेचं शिंग : सोमालिया, इथिओपिया, जिबूती आणि केनियाचा उत्तर व पूर्व भाग. केनियातल्या त्सावो आणि मेरू या भागांत त्यांच्यावर बरंच काम झालं आहे. रखरखीत, काटेरी झुडपांचा, बाभळीच्या भाऊबंदांचा मुलूख. वर्षातला बराच काळ जमीन भाजून इतकी टणक होते की कुदळ मारली तर ठण् आवाज यावा.

हा प्रश्न वाचून पुढे सरकू नका, कारण बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं या जमिनीत आहेत. अशा मुलखात झाडं पाणी आणि पिष्ट जमिनीखाली कंदांत साठवतात. काही कंद बोराएवढे, तर काही चक्क 50 किलोपर्यंतचे. पण ते विखुरलेले असतात. एक इथे, दुसरा पार तिकडे, आणि मध्ये काहीच नाही. मोलरॅटला ते दिसत नाहीत. खोदत जायचं, लागला तर लागला. एकट्या प्राण्याने हा जुगार खेळायचा ठरवला तर कंद सापडण्याआधीच तो उपाशी मरेल. शंभर जणांनी दहा दिशांना खोदलं तर एकाला तरी घबाड लागतं आणि ते सगळ्यांना पुरतं. मला विचाराल तर या प्राण्याचा विचित्रपणा असा काही नाहीच; जे आहे ते जमीन टणक आणि अन्न लांब असल्यामुळे आहे.

बीळ केवढं असतं?

'बीळ' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बांधावरचं एक भोक येतं. इथे वाडीच म्हणायला हवं. एका कुटुंबाच्या बोगद्यांची एकूण लांबी तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. बोगदा मात्र जेमतेम चार-पाच सेंटीमीटर रुंद, एका प्राण्याच्या अंगाला बेताचा.

अन्न शोधायचे बोगदे वर, कंदांच्या पातळीला, साधारण वीतभर ते हातभर खोल. रोजच्या वहिवाटीचे रस्ते आणि झोपायची खोली त्याहून खाली. काही भाग दोन मीटरपर्यंत जातो. झोपायच्या खोलीत कंदांच्या साली आणि मुळांचे तुकडे अंथरलेले असतात. आणि एक आंधळा फाटा निव्वळ शौचालयासाठी राखलेला असतो. सगळे तिथेच जातात. भरला की माती घालून बुजवायचा आणि नवा काढायचा. तिथे लोळून अंगाला वास लावून घेणं हाही रोजच्या कार्यक्रमाचा भाग. ऐकायला किळस येते, पण अंधाऱ्या घरात 'हा आपला' हे कळण्याची ती एक खूण आहे.

दारं उघडी नसतात. माती बाहेर टाकायचं काम झालं की तोंड बंद.

एवढं खोदतात कसं? पंजे तर चिमुकले आहेत.

दातांनी. आणि रांगेने.

काचेच्या बोगद्यांत ठेवलेली एक वसाहत मी बराच वेळ उभं राहून पाहिली आहे. सर्वांत पुढचा प्राणी दातांनी माती कुरतडतो आणि पोटाखालून मागे लोटतो. त्याच्यामागचा ती मागच्या पायांनी ढकलत उलटा, पाठमोरा चालत जातो. तो मागे जात असताना माती टाकून परतणारे भिडू त्याच्या अंगावरून, पाय फाकवून, पुढे येतात. म्हणजे खाली मातीची गाडी मागे चालली आहे आणि तिच्या टपावरून रिकामे कामगार पुढे, आणि हे सगळं दोन बोटं रुंदीच्या नळीत. कुणी कुणाला थांबवत नाही. उलटा चालण्याचा वेग सुलट चालण्याइतकाच, त्यामुळे वळायची गरजच पडत नाही.

रांगेच्या शेवटी, जमिनीच्या तोंडाशी, सहसा एखादा थोराड गडी असतो. तो बाहेरच्या बाजूला पाठ करून माती लाथांनी वर उडवतो. बाहेरून पाहणाऱ्याला छोट्या ज्वालामुखीसारखा फवारा दिसतो आणि शंकूसारखा ढीग तयार होतो. शेवटचा गडी सगळ्यात धोक्याच्या जागी असतो. का ते सापांच्या प्रश्नात येईल.

खोदाईचा हंगाम पावसानंतरचा. माती ओली आणि मऊ असते तेवढ्या आठवड्यांत शक्य तितके बोगदे पुढे न्यायचे आणि जे कंद सापडतील त्यांवर कोरडा काळ काढायचा. वर्षभरात एक वसाहत टनांच्या हिशोबात माती उपसते. आपल्याकडे मृगाच्या सरीनंतर शेतकऱ्याची जी धांदल उडते, तिची मला इथे हटकून आठवण होते.

दात ओठांच्या बाहेर का?

तोंडात माती जाऊ नये म्हणून. चारही पटाशीचे दात ओठांतून बाहेर आलेले असतात आणि ओठ त्यांच्या मागे मिटतात. तोंड बंद ठेवून खोदता येतं. खालचे दोन दात चिमट्यासारखे वेगवेगळे हलवता येतात. अंगातल्या एकूण स्नायूंपैकी जवळपास चौथा हिस्सा जबड्याचा आहे. मेंदूचा जो भाग स्पर्श ओळखतो, त्यातला सुमारे एक तृतीयांश एकट्या दातांच्या वाट्याला. आपण बोटांनी चाचपतो, हा दातांनी.

खातात काय? पाणी कुठून मिळतं?

कंद आणि मुळं. पाणी पीतच नाहीत, कंदातलं पुरतं. मोठा कंद सापडला की त्याचा फडशा पाडत नाहीत. एका बाजूने आत शिरून गर खातात, साल तशीच ठेवतात आणि बऱ्याचदा पोकळीत माती भरून ठेवतात. कंद जगतो, पुन्हा भरतो. असा एक कंद कुटुंबाला महिनोन्महिने पुरू शकतो. याला 'शहाणपण' म्हणायचा मोह होतो. मी म्हणत नाही. साल कडवट असेल, माती आपोआप लोटली जात असेल. पण पिकतं घर मोडू नये एवढं तरी घडतं खरं.

शिवाय स्वतःची आणि एकमेकांची विष्ठा खातात. कंदातला चोथा एका फेरीत पचत नाही, आतड्यातले जिवाणू दुसऱ्या फेरीत उरलेलं काढून घेतात. दूध सुटण्याच्या बेतातली पिल्लं मोठ्यांकडे विष्ठा मागतात. त्यातून पचनाचे जिवाणू त्यांच्या पोटात जातात.

'राणी' असते म्हणतात. ती कोण ठरवतं?

कुणी ठरवत नाही, ती होते. बहुधा मारामारी करून.

एका वसाहतीत सरासरी सत्तर-ऐंशी जण असतात, क्वचित तीनशेच्या आसपास. त्यांत पिल्लं होणारी मादी एकच, आणि तिच्याशी जुगणारे नर एक ते तीन. बाकी सगळे, नर असोत वा मादी, राबतात. राणी मेली किंवा दुबळी झाली की थोराड माद्यांमध्ये जुंपते आणि ही लढाई जिवावरची असू शकते. एरवी दाटीवाटीने एकमेकांच्या अंगावर झोपणारे हेच प्राणी तेव्हा दातांनी एकमेकांना फाडतात.

जिंकणारीचं शरीर बदलतं. पूर्ण वाढ झालेल्या मादीच्या कमरेचे मणके पुन्हा वाढायला लागतात आणि ती लांब होते. कारण पुन्हा बोगदाच. गाभण असताना पोट रुंदीला वाढलं तर ती स्वतःच्या घरात अडकेल. म्हणून लांबीला वाढायचं.

'राणी' या शब्दाने मात्र चुकीचं चित्र उभं राहतं. आरामात लोळत बसलेली मधमाश्यांची राणी डोक्यात आणू नका. ही दिवसभर बोगद्यांतून फिरते आणि जो दिसेल त्याला नाकाने ढकलते, कधी कधी चांगलं हातभर मागे रेटत नेते. ती ढकलून गेली की आळसावलेले कामाला लागतात. तिला बाजूला काढलं तर काम मंदावतं, असं प्रयोगात दिसलं आहे. तिला मुकादम म्हटलं तर जास्त शोभेल.

बाकीच्या माद्यांना पिल्लं का होत नाहीत? वांझ असतात का?

नाही. त्यांची अंडाशयं अल्पवयीन मादीसारखी, अर्धवट वाढलेल्या अवस्थेत थांबलेली असतात. राणीपासून दूर ठेवलं तर थोड्याच दिवसांत त्या माजावर येतात. म्हणजे दार कायमचं बंद नाही, राणी असेपर्यंत ओढून घेतलेलं आहे. तरीही बहुतेकींचं आयुष्य त्या बंद दारामागेच जातं.

पिल्लं किती होतात? सांभाळतं कोण?

गाभणकाळ सुमारे सत्तर दिवस. वर्षाला चार-पाच वेतं होऊ शकतात. एका वेताला सरासरी अकरा-बारा पिल्लं, पण सत्तावीस-अठ्ठावीसच्याही नोंदी आहेत. नवजात पिल्लू दोनेक ग्रॅमचं, कातडी इतकी पातळ की पोटातलं दूध बाहेरून दिसतं.

आता गंमत बघा. बहुतेक कुरतडणाऱ्या प्राण्यांत सडांच्या निम्मी पिल्लं होतात, म्हणजे दहा सड असतील तर साधारण पाच पिल्लं. मोलरॅटला बाराच्या आसपास सड आणि पिल्लंही तितकीच, कधी दुप्पट. आळीपाळीने पितात आणि तरीही जगतात. कारण आईला दुसरं काही करावं लागत नाही. अन्न आणायचं, पिल्लं उबेत ठेवायची, धोका वाटला तर तोंडात धरून दुसरीकडे हलवायची, हे सगळं थोरली भावंडं करतात. दूध पाजणं तेवढं तिच्याकडे, महिनाभर.

ज्यांना कधी स्वतःची पिल्लं होणार नाहीत, त्यांच्यात ही माया येते कुठून? जपानमधल्या संशोधकांनी 2018 मध्ये एक उत्तर दाखवलं. गाभण राणीच्या विष्ठेत इस्ट्रोजेन हे मादीचं संप्रेरक असतं. कामकरी माद्या ती विष्ठा खातात आणि पिल्लांच्या आवाजाकडे जास्त लक्ष देऊ लागतात. बाळंतपण एकीचं, आणि त्याचे संप्रेरक सगळ्या घराला वाटले जातात.

हे सगळं मुंग्या-मधमाश्यांसारखं वाटतं. सस्तन प्राण्यांत असं असतं?

फार क्वचित. म्हणूनच एवढा गाजावाजा झाला. त्यामागची हकिगत सांगण्यासारखी आहे. मिशिगन विद्यापीठातले रिचर्ड अलेक्झांडर हे मूळचे कीटकतज्ज्ञ. 1970 च्या दशकात ते व्याख्यानांत एक कल्पनेतला प्राणी रंगवत : वाळवीसारखा समाज करणारा सस्तन प्राणी असलाच तर तो जमिनीखाली राहील, उष्ण प्रदेशात, टणक मातीत, आणि मोठे कंद खाऊन. प्राणी माहीत नाही, पण पत्ता तयार. 1976 मध्ये अ‍ॅरिझोनातल्या एका व्याख्यानानंतर श्रोत्यांतले सस्तनतज्ज्ञ टेरी व्हॉन उठून म्हणाले की हे तर नेकेड मोल रॅटचं वर्णन झालं, आणि केप टाऊनच्या जेनिफर जार्विस यांचं नाव सुचवलं. जार्विस हे प्राणी आधीपासून पाळून अभ्यासत होत्या. 1981 मध्ये त्यांचा लेख 'सायन्स' नियतकालिकात आला : एक राणी, बाकी कामकरी, आणि अनेक पिढ्या एका घरात.

याच वर्गात नामिबिया-बोट्स्वानाकडच्या कलहारी भागातला डामारालँड मोल रॅटही धरतात. त्याच्या अंगावर छान मऊ लव आहे आणि कुटुंब लहान, सरासरी दहा-अकरा जणांचं. बिचारा दिसायला बरा असल्यामुळे कमी प्रसिद्ध.

सगळे एकाच आईचे, तर लग्नं नात्यातच?

बऱ्याच अंशी हो. राणी भावाशी किंवा मुलाशीही जुगते. त्यामुळे एका वसाहतीतले प्राणी आनुवंशिकदृष्ट्या एकमेकांसारखे असतात, आणि भावंडांसाठी राबणं त्यांना इतकं परवडतं.

पण फक्त एवढंच असतं तर वंश कधीच बुडाला असता. काही वसाहतींत एक वेगळाच गडी निपजतो : अंगाने गुबगुबीत, कामचुकार, राणीत रस नसलेला आणि सारखा बाहेर पडायची वाट शोधणारा. 1996 मध्ये त्याच्यावर लेख प्रसिद्ध झाला. ही चरबी म्हणजे प्रवासाची शिदोरी. मेरूमधल्या अनेक वर्षांच्या पाहणीत नव्या वसाहती अशाच परक्या नर-मादीने मिळून सुरू केलेल्या आढळल्या. आळशी म्हणून ज्याला ढकललं जातं, तोच नवं घर मांडतो.

अंधारात एकमेकांना ओळखतात कसं?

वास तर आहेच. शिवाय हे कमालीचे बडबडे आहेत. चिवचिव, किरकिर, गुरगुर असे डझनभराहून जास्त आवाज. भेटल्यावर एक हलकी चिवचिव करायची, समोरच्याने तशीच परत करायची.

बर्लिनमधल्या संशोधकांनी 2021 मध्ये दाखवलं की ही चिवचिव प्रत्येक वसाहतीची वेगळी असते. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तसं. एका घरातलं पिल्लू दुसऱ्या घरात वाढवलं तर ते दुसऱ्या घराची बोली उचलतं. म्हणजे ती रक्तात नसून शिकलेली. राणी गेली की बोली विस्कळीत होते आणि नवी राणी स्थिरावल्यावर पुन्हा एकसारखी होते. परक्याची मात्र खैर नसते. आत शिरलेल्या अनोळखी मोलरॅटवर तुटून पडतात.

दारं बंद, आत शंभर जण. गुदमरत नाहीत?

अमेरिकेतले प्रेअरी डॉग (नावात कुत्रा असला तरी खारीच्या नात्यातले, बिळात राहणारे) हा प्रश्न बांधकामाने सोडवतात. बिळाच्या दोन तोंडांशी वेगवेगळ्या उंचीचे उंचवटे करतात, आणि वारा वाहिला की आतून हवा खेचली जाते. मोलरॅटने घर तसंच ठेवलं आणि शरीर बदललं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी प्राणवायू अजिबात नसताना 18 मिनिटं तग धरली. हालचाल थांबते, हृदयाचे ठोके मंदावतात, आणि शरीर ग्लुकोजऐवजी फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, वापरू लागतं. हे काम एरवी वनस्पतींचं. ताजी हवा मिळाल्यावर उठून चालू लागले.

केस नाहीत तर थंडी?

अंगचं तापमान इतर सस्तन प्राण्यांसारखं नीट राखता येत नाही. पण खोल बोगद्यात बाराही महिने 30 अंशांच्या आसपास असतं. गार वाटलं तर उन्हाने तापलेल्या वरच्या बोगद्यात जाऊन ऊब घ्यायची, मग खाली येऊन ढिगात शिरायचं.

शत्रू कोण?

साप. ताज्या उपसलेल्या मातीच्या वासावर ते येतात, आणि मातीच्या तोंडाशी लाथा झाडत बसलेला गडी आयता सापडतो. साप आत शिरलाच तर मोठे प्राणी तोंड देतात आणि बाकीचे मागे बोगदा मातीने बुजवून घर वाचवतात. पुढे राहिलेल्यासाठी बूच काढलं जात नाही.

त्यांना म्हातारपण आणि कॅन्सर नाही, हे खरं?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तेवढं खरं नाही, पण बरंच खरं आहे. एवढ्या आकाराचा उंदीर दोन-तीन वर्षं जगतो. बंदिवासातले मोलरॅट तीस वर्षांच्या पुढे गेले आहेत. कॅन्सर अतिशय दुर्मिळ, पण 2016 पासून काही प्रकरणं नोंदली गेली आहेत. त्यांच्यावरून बनवलेलं काही औषध बाजारात आलेलं नाही. कुणी विकत असेल तर लांब राहा.

आपल्या शेतातली घूस अशीच राहते का?

नाही. घूस बिळात बहुधा एकटी. मादी असेल तर सोबत पिल्लं, तीही मोठी झाली की बाहेर. तिच्या बिळातही खोल्या असतात, तोंडाशी मातीचा ढीग असतो, आणि भाताच्या लोंब्या कापून आत रचलेल्या सापडतात. पण तिचं अन्न वर, मुबलक आणि एकाच शिवारात आहे. कोठार भरायला भावंडं लागत नाहीत, म्हणून ती वाटूनही खात नाही.

घरी पाळता येतील?

नका पाळू. एकटा मोलरॅट म्हणजे अर्धा प्राणीसुद्धा नव्हे.

परदेशात प्राणिसंग्रहालयात दिसले, तर काय बघावं?

लंडन आणि वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयांत ते होते तेव्हा लोक काचेपाशी 'ई!' करून पुढे सरकत. तुम्ही दहा मिनिटं थांबा. आधी झोपायची खोली शोधा : एकावर एक रचलेला गुलाबी ढीग, सगळ्यात खालचा अधूनमधून वर यायला धडपडणारा. मग दोन जण एकाच नळीत समोरासमोर येतील त्याची वाट पाहा. बहुतेक वेळा मोठा वरून जातो आणि लहान खाली दबतो. तेवढ्यात एखादी लांबुडकी मादी येईल आणि समोरच्याला नाकाला नाक लावून मागे रेटत नेईल. ती निघून गेली की रेटला गेलेला क्षणभर जागीच थांबतो, आणि मग वळून कुरतडायला लागतो. बऱ्याचदा काच.